फालतू ओळी

मी काय काम करते हे आमच्या नात्यातल्या बायकांना सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'मग आमच्या पोराचा मोबाइल सारखा अडकतोय, तेवढा बघतेस का?' पण ज्या कामानं मला सर्वात जास्त शिकवलं, ते तर याहूनही सांगायला अवघड. लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमध्ये जिथं जिथं 'हे लिहिलं आहे, पण कुणी वापरलेलं नाही' अशी तक्रार येते, तिथं जाऊन ती तक्रार मिटवायची, हे ते काम. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं? वापरलं नाही तर पुसून टाकायचं. मलाही असं सांगणारे पुष्कळ भेटले. ते इतकं सोपं का नाही, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी थोडी ओळख करून देते. कॉम्प्युटरला कीबोर्ड, पडदा, छपाईयंत्र, नेटवर्कची वायर यांची भाषा आपोआप येत नाही. प्रत्येक उपकरणाची बोली वेगळी. मधे एक दुभाष्या लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. तो उपकरणाचं ऐकून ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो आणि तिचा हुकूम उपकरणाला कळवतो. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनी लिनक्सची सुरुवात केली. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात, घरातल्या इंटरनेटच्या डबीत आणि जगातल्या मोठमोठ्या सर्व्हरमध्ये लिनक्सचा गाभा चालतो. या गाभ्याचा कोड कुणालाही वाचता येतो, सुधारून पाठवता येतो. त्यातल्या अर्ध्याहून अधिक ओळी एकट्या ड्रायव्हरांच्या आहेत.

हा सगळा कोड मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. माणसानं सी भाषेत लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो प्रोग्राम, तो कंपाइलर. तो दोन प्रकारे बोलतो. एक एरर, म्हणजे 'मी पुढं जाणार नाही.' दुसरी वॉर्निंग, म्हणजे 'जातो पुढं, पण इथं काहीतरी खटकतंय, जरा बघा.' खटकण्याचे प्रकार अनेक. त्यातला एक असा, की एखादं फंक्शन एकाच फाइलपुरतं लिहिलेलं असतं आणि त्या फाइलमध्ये त्याला कुणीच हाक मारत नाही. मग कंपाइलर म्हणतो, 'डिफाइन्ड बट नॉट यूज्ड.' लिहिलं, पण वापरलं नाही.

अशा बारीकसारीक गोष्टी शोधून दाखवणारा एक जुना प्रोग्राम होता. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली तो लिहिला. त्याचं नाव 'लिंट'. लिंट म्हणजे कापडावर चिकटलेले बारीक धागे, कापसाचे कण. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचं मिरजेतलं दुकान आठवलं. अब्बा टेलर होते. कोट शिवून झाला की तो हँगरला लावून ब्रशनं त्याच्यावरचे धागे झाडायचं काम माझ्याकडे असायचं. अब्बांची ताकीद असायची, ओढून बघ, पण जो धागा ओढल्यावर शिलाई हलते, त्याला हात लावायचा नाही. वरून पाहिलं तर दोन्ही धागे सारखेच दिसायचे.

त्याच दुकानात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात बटणं, हुक, अर्धवट रिळं, कुठल्या तरी जुन्या मशीनचे स्क्रू. एकदा आवरताना मी तो कचऱ्यात टाकायला निघाले तर अब्बा म्हणाले, 'फालतू है सो अलग रख, फेंक नको.' शाळेतल्या मराठीत 'फालतू' म्हणजे टाकाऊ, किंमत नसलेलं. आमच्या घरच्या बोलीत 'फालतू' म्हणजे जादा, हाताशी ठेवलेलं. आज लागलं नाही, उद्या लागेल. एकच शब्द, पण उंबऱ्याच्या आत एक अर्थ आणि बाहेर दुसरा. पुढं ड्रायव्हरांचा कोड वाचताना हे दोन्ही अर्थ मला पावलोपावली भेटले.

मी २००१ साली इंजिनिअर झाले आणि पुण्यात नोकरीला लागले. राउटरसारख्या उपकरणांसाठी ड्रायव्हर लिहिणं हे आमचं काम. अकरा वर्षं ते केलं. २०१२ मध्ये सासूबाईंना लकवा झाला. आम्ही त्यांना अम्मीजान म्हणायचो. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. यांची नोकरी फिरतीची. घरात कुणीतरी थांबायला हवं होतं, ती मी थांबले. कुणी बळजबरी केली नाही, माझीही तक्रार नव्हती. वाटलं होतं, वर्षभराचा प्रश्न आहे. वर्षाची सहा वर्षं झाली. अम्मीजान २०१८ च्या सुरुवातीला गेल्या.

त्यानंतर मी नोकरीसाठी अर्ज करू लागले. एका कंपनीत मुलाखतीला गेले. समोरच्या मुलानं माझा बायोडेटा वाचता वाचता बोट एका जागी ठेवलं आणि विचारलं, 'मॅडम, ही सहा वर्षं कोरी दिसतायत. या काळात काय केलंत?' मी सांगितलं, घरी आजारी माणूस होतं. तो म्हणाला, 'ते ठीक आहे, पण काम काय केलंत?' तो मुलगा उद्धट नव्हता. त्याच्यासमोरच्या कागदावर जो रकाना होता, तो त्याला भरायचा होता. माझी सहा वर्षं त्या रकान्यात बसत नव्हती.

त्या उन्हाळ्यात मी लिनक्सचा कोड घरच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. मुलगी झोपली की रात्री दहा ते बारा बसायचे. नव्या माणसांसाठी तिथं 'स्टेजिंग' नावाचा एक विभाग २००८ पासून आहे. पुरते तयार न झालेले ड्रायव्हर तिथं ठेवतात आणि शिकाऊ लोकांना साफसफाईपासून सुरुवात करता येते. मी तोही चाळला. पण माझं मन रमलं ते वॉर्निंगांमध्ये. कारण तिथं काम लहान असतं, पण ते करायला ड्रायव्हर पूर्ण वाचावा लागतो. सहा वर्षं गंजलेल्या डोक्याला तोच व्यायाम हवा होता.

पहिल्याच आठवड्यात ज्या वॉर्निंगा दिसल्या, त्यातल्या बहुतेक झोपेच्या होत्या. लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपतो. त्या वेळी प्रत्येक ड्रायव्हरला आपापलं उपकरण नीट झोपवावं लागतं आणि झाकण उघडलं की जागं करावं लागतं. त्यासाठी ड्रायव्हरात दोन फंक्शनं असतात, झोपवण्याचं 'सस्पेंड' आणि उठवण्याचं 'रिझ्यूम'. ती एका तक्त्यात नोंदवायची असतात. आता गंमत अशी, की लिनक्स तयार करताना हजारो कळा चालू-बंद करता येतात. त्यातली एक कळ झोपेच्या सोयीची. राउटर दिवसरात्र चालतो, तो कशाला झोपेल? म्हणून राउटरसाठी बनवताना ती कळ बंद ठेवतात. कळ बंद झाली की तक्त्यातल्या त्या नोंदी आपोआप विरून जातात. फंक्शनं मात्र फाइलमध्ये तशीच उरतात, अनाथ. कंपाइलर म्हणतो, ही दोन कुणी वापरलेली नाहीत.

त्याचं खोटं नाही. त्याला दिसतंय तेवढ्यावरून तो खरंच बोलतोय. पण त्याला एकच घर दिसतंय. त्याच ओळी दुसऱ्या घरात, म्हणजे लॅपटॉपवर, रोज दहा वेळा चालतात. राउटरवर बसून कुणी त्या पुसल्या, तर तिकडे कुणाचा तरी लॅपटॉप झाकण उघडल्यावर जागाच होणार नाही. म्हणून या कामाचा पहिला नियम असा, की 'वापरात नाही' हे वाक्य ऐकलं की विचारायचं, कुणाच्या घरात वापरात नाही?

या दोन फंक्शनांचं करायचं काय, याच्या दोन पद्धती तेव्हा होत्या. एक, त्यांच्याभोवती 'इफडेफ'चं कुंपण घालायचं. कळ चालू असेल तरच कुंपणातलं कंपाइलरला दिसेल, नाही तर त्याच्यासाठी त्या ओळी अस्तित्वातच नाहीत. याने तक्रार थांबते, पण कुंपणातला कोड कळ बंद असलेल्या बिल्डमध्ये कुणी तपासतच नाही. आजूबाजूचं बदलत जातं, आतलं तसंच राहतं, आणि एक दिवस कुणी कळ चालू केली की आत सगळं मोडलेलं सापडतं. शिवाय झोपेच्या सोयीच्या कळा एकाहून जास्त आहेत. कुंपण एका कळीचं आणि तक्ता दुसऱ्या कळीचा असं झालं की एक चालू आणि दुसरी बंद असताना तीच वॉर्निंग पुन्हा दारात उभी.

दुसरी पद्धत म्हणजे फंक्शनच्या कपाळावर एक शिक्का मारायचा, 'मेबी अनयूज्ड'. म्हणजे 'कदाचित न वापरलेलं'. हा शिक्का दिसला की कंपाइलर गप्प बसतो, पण ओळी मात्र प्रत्येक वेळी वाचतो, तपासतो. कोड कुजत नाही. यातला 'कदाचित' हा शब्द मला फार आवडला. ज्यानं तो निवडला त्याला ठाऊक होतं, की आपल्याला सगळी घरं दिसत नाहीत.

पण सगळ्याच वॉर्निंगा इतक्या निरुपद्रवी नसतात. दुसरा प्रकार पाहा. ड्रायव्हर उपकरणाला सांगतो, 'तुझं घड्याळ सुरू कर.' हे घड्याळ म्हणजे आत टिकटिकणारा विजेचा ठोका, त्याच्याशिवाय उपकरण हलत नाही. सुरू करणारं फंक्शन उत्तर देतं. जमलं असेल तर शून्य, नाही तर चुकीचा आकडा. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं ते उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं, आणि पुढं ते कधी पाहिलंच नाही. जादा वॉर्निंगांची कळ चालू करून बिल्ड केलं तर कंपाइलर सांगतो, 'या व्हेरिएबलमध्ये काहीतरी ठेवलंय, पण कुणी वाचलं नाही.' आता सोपा उपाय कोणता? व्हेरिएबल पुसा. वॉर्निंग गेली, बिल्ड स्वच्छ, सगळे खूश.

पण ती तक्रार व्हेरिएबलबद्दल नव्हतीच. उपकरण 'मला जमलं नाही' असं सांगत होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं, हे कंपाइलर त्याच्या भाषेत आपल्याला कळवत होता. काही चिपांमध्ये घड्याळ सुरू नसताना त्या भागाला नुसता हात लावला तरी सबंध यंत्र जागच्या जागी थिजतं. अशा ठिकाणी व्हेरिएबल पुसणं म्हणजे निरोप घेऊन आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवणं. खरी दुरुस्ती म्हणजे ते उत्तर वाचायचं, चुकीचं असेल तर तिथंच थांबायचं आणि वर कळवायचं. कधी कधी याच जातीची आणखी एक गोष्ट सापडते. उपकरणाला जागं करणारं फंक्शन मन लावून लिहिलेलं असतं, पण तक्त्यात त्याचं नाव घालायचंच राहून गेलेलं असतं. ते 'न वापरलेलं' असतं, कारण त्याला बोलवायला सगळे विसरलेत. त्याला पुसायचं नसतं, त्याचं नाव तक्त्यात लिहायचं असतं.

तिसरा प्रकार मला सर्वात जास्त शिकवून गेला. सीरियल पोर्टचा एक जुना ड्रायव्हर आहे, '८२५०' या नावाचा. राउटरवर काम करताना आम्ही त्याच पोर्टवरून यंत्राशी बोलायचो. कारखान्यांतल्या यंत्रांमध्ये तो आजही दिसतो. पोर्ट सुरू करताना हा ड्रायव्हर चिपचे चार रजिस्टर ओळीनं वाचतो. रजिस्टर म्हणजे चिपमधली छोटी खोली, जिच्यात एखादा आकडा असतो. चार वेळा वाचतो आणि जे वाचलं ते कुठंही ठेवत नाही. नवखा माणूस म्हणेल, या चार ओळी फुकट आहेत. वाचलेलं वापरायचं नाही तर वाचायचं कशाला?

पण या चिपेची रीत अशी, की काही रजिस्टर नुसते वाचले तरी त्यांच्यातली जुनी खूण पुसली जाते. आधीची एखादी अडकलेली हाक, एखादी राहिलेली चुकीची नोंद वाचल्याबरोबर साफ होते आणि चिप नव्या कामाला मोकळी होते. आत काय होतं याला महत्त्व नाही, वाचलं गेलं याला आहे. तसंच दुसरीकडे, ड्रायव्हर उपकरणाकडे एखादा हुकूम पाठवतो तो वाटेत कुठंतरी थबकू शकतो. लगेच त्याच उपकरणातून काहीतरी वाचलं की आधीचा हुकूम आधी पोहोचवावाच लागतो. तिथंही वाचलेला आकडा कुणाला नको असतो. अशा जागी कंपाइलरनं 'व्हेरिएबल वापरलं नाही' म्हटलं तर व्हेरिएबल जरूर काढावं, पण वाचण्याची ती ओळ मात्र जागेवर ठेवावी, आणि ती का ठेवली हे शेजारी चार शब्दांत लिहावं. ते चार शब्द नसले तर मागून येणारा कुणीतरी ती साफ करणारच.

हे समजलं त्या रात्री मला अम्मीजान आठवल्या. लकव्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती. मोजके शब्द उरले होते. त्यातलं एक वाक्य त्या दिवसातून दहा वेळा म्हणायच्या, 'खाना खाई क्या?' मी 'हां अम्मीजान' म्हणायचे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. उत्तर त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. बहुधा ऐकूही जात नव्हतं. पण ते विचारणं थांबलं असतं तर घरातलं काहीतरी थांबलं असतं. मीही त्यांच्या उशाशी बसून रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. त्यांना किती कळायचं ते अल्लालाच माहीत. वाचलं की त्यांचा चेहरा निवळायचा. त्या सहा वर्षांतलं कुठलंच उत्तर कुठल्या रकान्यात साठवलेलं नाही.

म्हणून काहीच कधी पुसायचं नाही, असं मात्र कुणी समजू नये. ज्या कोडला खरंच कुठल्याच घरात जागा उरली नाही, तो काढणं हेही कर्तव्यच. आर्न्ड बर्गमन हे लिनक्समधलं जाणतं नाव. कळा वाट्टेल तशा चालू-बंद करून, म्हणजे फासे टाकून, बिल्ड करायचं आणि त्यातून निघणाऱ्या वॉर्निंगा दुरुस्त करायच्या, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे. याच माणसानं २०१८ साली, ४.१७ या आवृत्तीत, लिनक्समधून आठ जुन्या यंत्ररचनांचा आधार काढून टाकला. त्या चिपा आता कुणी बनवत नव्हतं, त्यांच्यावर नवं लिनक्स कुणी चालवत नव्हतं. पुढं जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ आवृत्तीतून इटॅनियमही गेला. ज्याला एका फंक्शनवर 'कदाचित'चा शिक्का मारायचा धीर आहे, त्यालाच लाखो ओळी काढायचा अधिकार पोहोचतो, असं मला वाटतं. त्यानं आधी विचारलेलं असतं, कुणी वापरतंय का? आणि काढलेलं नाहीसंही होत नाही. २००५ साली टोरवाल्ड्सनीच लिहिलेल्या 'गिट'मध्ये तेव्हापासूनचा प्रत्येक बदल जपलेला आहे. ज्याला हवं त्याला तो मागं जाऊन सापडतो.

दुरुस्ती पाठवायची पद्धतही सांगते, कारण तिच्यात एक शिस्त आहे. बदलाचा तुकडा, ज्याला पॅच म्हणतात, तो त्या ड्रायव्हरच्या राखणदाराला ईमेलनं पाठवायचा. कुठल्या फाइलचा राखणदार कोण, हे कोडमध्येच लिहिलेलं असतं. काय बदललं हे पॅचमध्ये दिसतंच, पण का बदललं ते वर नीट वाक्यांत लिहावं लागतं. आणि शेवटी 'साइन्ड ऑफ बाय' लिहून आपलं नाव. ही प्रथा २००४ पासूनची. हा बदल पाठवायचा मला हक्क आहे आणि याची जबाबदारी माझी, एवढा त्याचा अर्थ. निनावी काही घेतलं जात नाही.

माझ्याकडे जे ड्रायव्हर होते त्यांची उपकरणं माझ्या घरात नव्हती. म्हणून मी प्रत्येक पॅचखाली लिहायचे, 'फक्त कंपाइल करून पाहिलं आहे, उपकरणावर चालवून पाहिलेलं नाही.' तिथं असं लिहिण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट ते न लिहिणं वाईट समजतात. पहिल्या पॅचला एका राखणदाराचं उत्तर आलं. त्यानं एकच विचारलं, 'झोपेची कळ चालू आणि बंद, दोन्ही ठेवून बिल्ड केलंस का?' मी केलं होतं, तसं कळवलं. चार दिवसांनी पॅच स्वीकारल्याची ओळ आली. स्वयंपाकघरात जाऊन मी पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी मिरजेला अब्बांना फोन केला. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, 'नाव लिहिलंय का तुझं?' म्हटलं, 'हो, पूर्ण नाव.' 'मग काम चोख ठेव,' म्हणाले.

२०१९ मध्ये मला नोकरी मिळाली. पुण्यातलीच एक छोटी कंपनी, कारखान्यांसाठी मोजमापाची यंत्रं बनवणारी. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझे पॅच आधीच वाचून ठेवले होते. त्यांनी कोऱ्या वर्षांबद्दल काहीच विचारलं नाही. एका पॅचवर बोट ठेवून विचारलं, 'इथं व्हेरिएबल काढलंत, पण रजिस्टर वाचायची ओळ का ठेवलीत?' आम्ही त्या एका ओळीवर पाऊण तास बोलत होतो.

त्यानंतर या क्षेत्रात दोन गोष्टी घडल्या, त्या सांगायलाच हव्यात. सप्टेंबर २०२१ मध्ये टोरवाल्ड्सनी ठरवलं, की यापुढं वॉर्निंग आली की ती एरर समजली जाईल, बिल्ड थांबेल. हेतू चांगला होता. लोकांनी वॉर्निंगांकडे दुर्लक्ष करू नये. पण निरनिराळे कंपाइलर आणि निरनिराळ्या यंत्ररचना यांच्यावर इतकी बिल्डं मोडली, की काही दिवसांतच ती सक्ती चाचणीच्या बिल्डांपुरती ठेवावी लागली. मला त्यात एक धोकाही दिसतो. दार अडवून धरलं की माणूस घाईला येतो, आणि घाईतला माणूस आधी आवाज बंद करतो, कारण शोधत बसत नाही. व्हेरिएबल पुसायचं, शिक्का मारायचा आणि पुढं जायचं. वॉर्निंग संपते, दुखणं आत राहतं.

दुसरी गोष्ट आनंदाची. २०२२ साली ५.१७ या आवृत्तीत झोपेच्या फंक्शनांसाठी नवी सोय आली. आता तक्त्यात त्यांचं नाव नेहमीच लिहायचं. कळ बंद असेल तर कंपाइलर स्वतःच ओळखतो की इथं यांची गरज पडणार नाही, आणि तयार मालातून त्यांना वगळतो. पण त्याआधी त्यांना पूर्ण वाचून, तपासून घेतो. कुंपण नको, शिक्का नको. नाव पटावर कायम, मात्र ज्या घरी काम नाही तिथं त्यांचं ओझंही नाही. मी पूर्वी 'कदाचित'चे शिक्के मारलेले काही ड्रायव्हर नंतर या नव्या पद्धतीत आणले. आपलीच जुनी शिवण उसवून नवी घालण्यात वेगळं समाधान असतं, हे टेलरच्या मुलीला सांगायला नको.

आपल्याकडच्या मुलामुलींना मी हे काम आवर्जून सुचवते. जुना लॅपटॉप, इंटरनेट आणि रात्रीचे दोन तास एवढ्यावर ते सुरू करता येतं. कुणाची शिफारस लागत नाही, शहरात खोली घ्यावी लागत नाही. पंढरपूर असो की परभणी, काही फरक पडत नाही. इंग्रजी मोडकीतोडकी चालते, पण 'का केलं' ते स्पष्ट लिहिता यायला हवं. घरी थांबलेल्या बायकांना तर मी विशेष सांगते. यातून लगेच पैसा मिळत नाही, हेही सांगते. पण दुसऱ्यानं लिहिलेलं धीरानं वाचायची सवय लागते, आणि तुमच्या नावानं केलेलं काम जगाला दिसेल अशा जागी राहतं.

फक्त एक सांभाळावं. कंपाइलरनं 'हे वापरलेलं नाही' म्हटलं की हात लगेच पुसायच्या कळीवर जातो. तो जरा थांबवावा आणि तीन गोष्टी बघाव्यात. हे दुसऱ्या कुठल्या घरात लागतं का? याला बोलवायला कुणी विसरलंय का? आणि याच्या नुसत्या असण्यानं काही काम होतंय का? तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं, तर बेलाशक काढून टाकावं. आणि का काढलं ते लिहून, खाली आपलं नाव घालावं.